मे महिन्यातली विहीर, जुलैमधली वाट: स्वावलंबी राहण्यासाठी कोकणातला जिल्हा कसा पारखावा

कोकणात जमीन दाखवायला एजंट बहुतेक डिसेंबरात बोलावतात. हवा गार असते, पऱ्याला पाणी खळखळत असतं, कलमांवर मोहोर येऊ घातलेला असतो. माणूस भुलतो. मीही भुललो. ज्या विहिरीकडे बघत मी मनातल्या मनात भाजीचे वाफे आखले, ती पुढच्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तळाला गेली. तळात एक फुटकी कळशी, दोन बेडूक आणि मला विकताना कुणी न सांगितलेली ती कातळाची पाटी. पुढचे दोन महिने मी टँकरच्या ड्रायव्हरशी जितकं गोड बोललो तितकं आयुष्यात कुणाशी बोललो नसेन.

हा लेख आहे मुंबई-पुण्याहून किनाऱ्याकडे यायचं ठरवणाऱ्यांसाठी. फार्महाउस आणि स्विमिंग पूल ज्यांना हवाय त्यांच्यासाठी नाही. निम्मं-शिम्मं अन्न आपल्या जमिनीतून यावं, पाणी आपलं असावं आणि बाहेरचं जग तीन आठवडे बंद पडलं तरी घर चालावं, एवढीच ज्यांची माफक (वाचायला माफक!) अपेक्षा आहे, त्यांना जिल्हा, मग तालुका, मग गाव कसं निवडावं हे सांगायचंय. उदाहरण रत्नागिरी जिल्ह्याचं घेतो, कारण मी दापोली तालुक्यात राहतो आणि चुका इथेच केल्या. रायगड आणि सिंधुदुर्गाला हीच मोजपट्टी थोड्या फरकाने लागू पडते.

आधी ठरवा: तयारी कशासाठी?

या विषयावर इंटरनेटवर वाचायला गेलात तर अणुयुद्ध, दंगली, बंकर असलं काहीबाही सापडतं. कोकणात संकटं ठरलेली आहेत आणि त्यांच्या तारखाही लोकांना तोंडपाठ आहेत. २६ जुलै २००५ चा महापूर. चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ चाही. तिवऱ्याचं धरण फुटलं ती २ जुलै २०१९ ची रात्र. आणि आमच्याकडे ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ.

निसर्ग श्रीवर्धनजवळ जमिनीवर आलं, ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्याने. दापोली आणि मंडणगड तालुक्यांतली किनाऱ्याची गावं त्याच्या दक्षिण बाजूला सापडली. दुपारी तीन-चार तासांचा खेळ, पण आमच्या वाडीत वीज यायला वीस दिवसांवर गेले. मोबाइलचे टॉवर दुसऱ्या दिवशी मेले, कारण त्यांचं डिझेल संपलं. रस्त्यांवर झाडं, पंप बंद म्हणून नळाला पाणी नाही, आणि वर पावसाळा तोंडावर असताना घरांवर छप्पर नाही. त्यावर करोनाचे दिवस, म्हणजे शहरातून मदतीला येणाऱ्यांनाही बंदी.

तेव्हापासून माझा निकष सोपा आहे: एकवीस दिवस. वीज नाही, रस्ता नाही, दुकान नाही, फोन नाही. या जागेवर चार माणसांचं घर एकवीस दिवस नीट निघेल का? पुढची प्रत्येक पायरी याच प्रश्नावर घासून बघायची.

पहिली पायरी: जिल्हा उभा चिरा

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर असे नऊ तालुके. पण स्वावलंबनाच्या हिशेबाला तालुक्यांच्या हद्दी फारशा कामाच्या नाहीत. नकाशा उत्तर-दक्षिण उभा चिरायचा. समुद्राला लागून खलाटी, सह्याद्रीच्या पायथ्याला वलाटी आणि मधे महामार्ग आणि रेल्वेचा पट्टा.

खलाटीत नारळ-सुपारी, मासळी, सपाट मळे. पण वादळाचा पहिला फटका इथेच आणि उन्हाळ्यात विहिरी खाऱ्या व्हायची भीतीही इथेच. वलाटीत पाऊस जास्त, झरे बरे, जंगल जवळ. मात्र दरड, पूर आणि रानडुकरं यांचं राज्य. मधल्या पट्ट्यात मोठाले सडे. जांभ्याचे (तांबड्या, सच्छिद्र दगडाचे) उघडे कातळ, पावसाळ्यात फुलांनी भरतात आणि फेब्रुवारीनंतर तव्यासारखे तापतात. तिथे दवाखाना, बाजार, गाड्या यांची सोय चांगली.

माझं मत विचाराल तर नवख्याने समुद्रापासून पाच ते पंधरा किलोमीटर आतल्या, एखाद्या डोंगराच्या सावलीतल्या वाड्या आधी बघाव्यात. समुद्र दिसत नाही म्हणून जमीनही स्वस्त पडते. समुद्र बघायला स्कूटरवरून जाता येतं.

दुसरी पायरी: पाणी (इथे घाई करू नका)

दापोलीत वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. पुण्याच्या चार-पाच पट. तरी एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडे दिसतात, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. कारण जमिनीत आहे. वरचा जांभा चाळणीसारखा. पाणी त्यातून झिरपतं, खालच्या काळ्या दगडावर पोचतं आणि उतार धरून खाडीला जातं. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. ऑक्टोबरपासून साठा फक्त उताराला लागलेला असतो. जांभा आणि काळा दगड जिथे मिळतात तिथे झरे फुटतात. गावातलं जुनं देऊळ किंवा पाणवठा बहुतेक वेळा अशाच जागी सापडेल. जुनी माणसं शिकलेली नव्हती असं कोण म्हणतं?

म्हणून पहिला नियम: विहीर मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात बघायची. वैशाख वणव्यात जी विहीर पाणी देते ती खरी. एक सुतळी घ्या, टोकाला दगड बांधा, हातभर अंतरावर गाठी मारा. विहिरीत सोडली की कोरडी किती आणि ओली किती ते गाठींवर कळतं. मग मालकाच्या परवानगीने पंप लावून पाणी उपसा आणि तासाभराने पुन्हा सुतळी सोडा. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी दहा सेंटिमीटर चढली तर समजा सातशे लिटर आलं. मालक उपसू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

खलाटीत असाल तर जोडीला चव घ्या. टीडीएस मीटर (लिटरमागे किती मिलीग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा) आता चार-पाचशे रुपयांत मिळतो. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत उत्तम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० ही शेवटची हद्द. डिसेंबरात २०० दाखवणारी विहीर मेमध्ये कुठे जाते ते शेजाऱ्याला विचारा. शेजारी खरं सांगतो. आणि बोअर मारून देतो, पाणी लागणारच, असं छातीठोक सांगणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. किनाऱ्याजवळ खोल गेलात तर खारं पाणी लागायची शक्यता गोड्याइतकीच.

आता हिशेब. चार माणसं, माणशी रोज ५५ लिटर (सरकारी नळयोजनांचं हेच माप), फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत धरले ११५ दिवस. झाले सुमारे २५ हजार लिटर. म्हणजे चार मीटर लांब, तीन रुंद आणि दोन मीटरांहून जरा खोल टाकी. छपरावर पडणारं पाणी किती? एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. साठ चौरस मीटरचं साधं घर, तीन हजार मिलीमीटर पाऊस, वीस टक्के वाया गेला तरी १ लाख ४४ हजार लिटर पागोळ्यांतून वाहून जातं. टाकी पाच-सहा वेळा भरून सांडेल इतकं. जागेवर टाकी बांधण्याइतका घट्ट, सपाट तुकडा आणि पन्हळीतून तिकडे जाणारा उतार आहे का, एवढंच बघायचं. खर्चाच्या नावाने कच खाल्ली, तरी निदान प्यायला-रांधायला पाच हजार लिटरची झाकणबंद टाकी ही किमान अट. पहिले दोन-तीन पाऊस टाकीत घ्यायचे नाहीत, कौलांवरची धूळ, पाला आणि वानरांची घाण धुऊन जाऊ द्यायची.

शेतीचं पाणी वेगळं मोजा. एप्रिलच्या उन्हात एक गुंठा भाजीला रोज पाचशेएक लिटर लागतं, नारळाच्या एका झाडाला चाळीस-पन्नास. पंचवीस माडांची बाग बघून हरखून जाण्याआधी गुणाकार करा. पाणी बेताचं असेल तर भाजी ऑक्टोबर ते जानेवारीत पिकवायची आणि उन्हाळ्यात सुकवलेलं खायचं. ओढ्यावर पावसाळा संपता संपता वनराई बंधारा (माती भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध) घातला तर महिना-दीड महिना आणखी हाताशी लागतो. वाडीत बंधारा अजून श्रमदानाने घालतात का, हा प्रश्न जरूर विचारा. त्याचं उत्तर पाण्यापेक्षा माणसांबद्दल जास्त सांगतं.

तिसरी पायरी: पाणी कुठून येतं, तसं कुठून अंगावर येतं

नदी किंवा खाडीकाठची जागा असेल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषा बघा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. चिपळुणात २००५ आणि २०२१ अशा सोळा वर्षांत दोन महापुरांनी बाजारपेठ बुडाली, तेव्हा शंभर वर्षं या शब्दावर विसंबू नका. कागदापेक्षा भिंती बोलक्या. जुन्या घरांच्या भिंतींवर पाण्याच्या रेघा असतात. काहींनी तारीख घालून खूणही केलेली असते. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की खाडी पाणी उलटं ढकलते, हे चिपळूणच्या वाशिष्ठी नदीकाठी शेंबडं पोरही सांगेल.

डोंगरउताराची जागा असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण नकाशे बघा आणि मग स्वतः चढून जा. झाडांचे बुंधे एकाच बाजूला वाकलेत का? जमिनीत नव्या भेगा? घराच्या मागे जेसीबीने उभा कडा कापून प्लॉट पाडलेत का? हे शेवटचं आता सर्रास दिसतं. महाडजवळचं तळिये आणि खेड तालुक्यातलं पोसरे, दोन्ही ठिकाणी जुलै २०२१ च्या त्याच पावसात डोंगर खाली आला. वरच्या अंगाला धरण असेल तर ते मातीचं आहे की दगडी, गळती आहे का, आणि आपली वाडी पाण्याच्या वाटेत येते का हेही विचारायचं.

किनाऱ्यालगत सीआरझेड, म्हणजे किनारी बांधकामावर बंधनं घालणारा नियम. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे दाट वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या भागात २०० मीटर ना-विकास क्षेत्र. खाडीकाठाला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी ते. आपल्या गावाला कोणता नकाशा लागू आहे हे लेखी घ्या. आणि कायदा बाजूला ठेवला तरी रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या बंधाऱ्यावर पावसाळ्यात जाऊन उभे राहा. समुद्राला किती जागा लागते ते कळेल.

चौथी पायरी: सातबारा

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. तुमच्या किंवा वाडवडिलांकडून तुमच्या नावावर आलेल्या जमिनीचा राज्यात कुठेही सातबारा असेल तर चालतं. नसेल तर अकृषिक प्लॉट किंवा रीतसर परवानगी. 'बघू नंतर, करून देतो शेतकरी दाखला' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब.

कोकणातल्या सातबाऱ्याचं एक खास दुखणं आहे. वीस गुंठ्यांवर चाळीस नावं. त्यातली दहा वारलेली, पाच मुंबईत, दोन कुठे आहेत कुणालाच ठाऊक नाही. सगळ्यांच्या सह्या असल्याशिवाय सामाईक जमीन घेऊ नका. 'भाऊ काही बोलणार नाही' हे वाक्य ऐकलं की समजा भाऊ बोलणार. इतर हक्कांत कुळाचं नाव, भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), देवस्थान इनाम, १९७५ च्या कायद्याखालची खाजगी वनाची नोंद, यांतलं काहीही दिसलं तर तिथेच थांबून वकील गाठायचा. फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) मागे जितके मिळतील तितके काढा. सरकारी मोजणी खरेदीच्या आधी करून घ्या. माझ्या बाबतीत मोजणी नंतर झाली आणि गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) ज्याला मी हद्द समजत होतो तो शेजाऱ्यांच्या हद्दीत चार हात आत निघाला. गडगा मी काढून दिला. त्या चार हातांनी मला पुढे जे शेजारी मिळवून दिले ते फुकटच पडले म्हणायचे.

वाट हा वेगळा मुद्दा. 'इथून सगळेच जातात' ही पाणंद नकाशावर आहे का ते बघा. नसेल तर खरेदीखतात वहिवाटीचा हक्क लिहून घ्या.

पाचवी पायरी: पोटाचा हिशेब

भातापासून सुरू करू. चार माणसांच्या घराला महिन्याला चाळीस किलो तांदूळ धरा, वर्षाला ४८० किलो. भात भरडल्यावर साधारण पासष्ट टक्के तांदूळ पडतो, म्हणजे भात हवं ७४० किलो. गुंठ्याला तीस किलो उतारा धरला तर पंचवीस गुंठे मळ्याची जमीन झाली. उतारा नवशिक्याला पहिल्या वर्षी याच्याही खाली मिळेल, मनाची तयारी ठेवा. लावणीला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी बाजारातल्या तांदळाला मागे टाकते. मी दहाच गुंठे भात करतो, उरलेला तांदूळ वाडीतूनच घेतो. तो पैसा गावात राहतो आणि माझी पाठही.

वरकस (हलक्या जमिनीच्या) उतारावर नाचणी आणि वरी, भात कापल्यावर मळ्यात कुळीथ, चवळी, पावटा. ही पिकं ओलाव्यावर येतात, वेगळं पाणी मागत नाहीत. एकवीस दिवसांच्या हिशेबात कुळथाइतका भरवशाचा गडी नाही: पीठ केलं की पिठी, भिजवले की उसळ, आणि राखेत मिसळून ठेवले की पुढच्या पावसाळ्यापर्यंत कीड नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने भाताचे रत्नागिरी आणि कर्जत मालिकेतले वाण दिलेत, खाजणातल्या खाऱ्या जमिनीसाठी पनवेलचे वाण आहेत. बियाणं आणि सल्ला दोन्ही तिथे मिळतं. गाय घ्यायची तर कोकण कपिला. दूध दोन-अडीच लिटर, पण डोंगर चढते, पावसात टिकते आणि खुराकाचे लाड मागत नाही. जर्सी घेऊन आलेल्या एका मित्राने दुसऱ्या पावसाळ्यात ती विकली.

आणि आता वानर. जागा दाखवणारा एजंट वानरांबद्दल अवाक्षर काढत नाही. केळी, पपई, भाजी, कोवळे नारळ, काहीही सोडत नाहीत. रात्री रानडुकरं येऊन कंद उकरतात. गावातली शेती पडीक पडण्याचं निम्मं कारण हेच. जागा बघताना आजूबाजूच्या परसांत काय लावलंय ते बघा. नुसती हळद, आलं, सुरण, मिरी आणि जाळीखालची मिरची दिसली तर समजा इथे वानरांची टोळी आहे आणि लोक शहाणे झालेत. त्यांचंच अनुकरण करा.

मासळीचं म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, आणि नेमकी संकटं त्याच दिवसांत. यावर कोकणाने शतकांपूर्वी उत्तर काढलंय: आगोट. पावसाळ्याआधीची बेगमी. परदेशी लोक ज्याला जगबुडीची तयारी म्हणून पुस्तकं लिहितात ती आमच्या शेजारच्या आजी दर मेमध्ये करतात. त्यांच्या माळ्यावर मी एकदा चढलो होतो. पत्र्याच्या डब्यांत सुकट, जवळा, खारवलेले बांगडे. मडक्यात मीठ लावलेले चिंचेचे गोळे. आमसुलं, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, फणसाच्या आठळ्या मातीत पुरलेल्या, आंब्याची साठं, तांदळाची कणगी, वरच्या फळीवर काडेपेट्या आणि मेणबत्त्या. खाली पडवीत शेणी आणि फाटी (जळणाची लाकडं) ताडपत्रीखाली रचलेल्या. निसर्गच्या वेळी आजींचं छप्पर गेलं, पण कणगीवर त्यांनी आधीच ताडपत्री आणि वर गोधडी टाकली होती. 'पाऊस दर वरसाला येतो, नवा पाव्हना हाय काय तो?' एवढंच म्हणाल्या. ज्या गावात अशी दहा घरं अजून आहेत ते गाव निवडा. याद्या डाउनलोड करण्यापेक्षा मे महिन्यात त्यांच्या हाताखाली राबा.

सहावी पायरी: वीज आणि छप्पर

छपरावर सोलार बसवायला केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. चांगली योजना, पण एक गोष्ट विक्रेते पुटपुटत सांगतात: ग्रिडला जोडलेलं साधं सोलार, लाइन गेली की बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. वादळानंतर छपरावर ऊन, खाली अंधार. म्हणून निदान पंप, दोन दिवे आणि फोन यांच्यापुरती बॅटरी वेगळी ठेवा, आणि जुलैत ढगांमुळे उत्पादन बरंच खाली येतं हे धरून चाला. विहिरीवर रहाट ठेवाच.

छपराला पत्रे असतील तर ते हुकाने आणि पट्टीने आवळलेले हवेत. निसर्गमध्ये उडालेल्या पत्र्यांनी दुसऱ्यांची कौलं फोडली. कौलारू घर घेतलं तर पाच टक्के कौलं जास्तीची रचून ठेवा. वादळानंतर कौलं काही दिवसांत बाजारातून गायब झाली होती.

सातवी पायरी: दवाखाना किती मिनिटांवर

किलोमीटर मोजू नका, पावसाळ्यातली मिनिटं मोजा. इथे फुरसे, घोणस, मण्यार, नाग सगळे आहेत. फुरसे तर कातळावर दगडाआड बसलेलं दिसतही नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस (प्रतिविष) आत्ता, या आठवड्यात आहे का, रात्री डॉक्टर राहतात का, हे तिथे जाऊन विचारा. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा (उंदीर-गुरांच्या मुतातून पसरणारा) ताप असतो. सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्यांनी दोडामार्गच्या बाजूला माकडताप आणि हत्ती हे दोन मुद्दे वेगळे विचारावेत.

घाट बंद पडतात. कुंभार्ली, आंबा, वरंध, परशुराम, प्रत्येकाचा पावसाळ्यातला इतिहास आहे. रेल्वेवरही दरड येते. मोठ्या दवाखान्याकडे जायचे दोन वेगळे रस्ते नसतील, आणि दोन्ही एकाच पुलावरून जात असतील, तर तो एकच रस्ता. गुहागर-दापोली भागात दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर हिशेब बांधणाऱ्यांनी वादळी दिवसांत ती बंद असते हे लक्षात ठेवावं. घरात म्हातारं माणूस किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल तर वलाटीतली स्वप्नं बाजूला ठेवून महामार्गापासून अर्ध्या तासात राहा. यात कमीपणा काही नाही.

आठवी पायरी: वाडीत माणसं किती

२००१ ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, २०११ ला १६ लाख १५ हजार. देशाची लोकसंख्या वाढत असताना इथे माणसं कमी झाली. गणपतीत आणि शिमग्याला गाव फुललेलं दिसेल, त्यावर जाऊ नका. चाकरमानी परत गेले की वाडीत कोण उरतं ते बघा. रात्री आठ वाजता फेरी मारा आणि दिवे लागलेली घरं मोजा. तीस घरांत सहा दिवे असतील तर झाड पडल्यावर कोयता घेऊन येणारे हात किती, हे तुम्हाला कळलं. निसर्गनंतर आमच्याकडचा रस्ता सरकारी यंत्र येण्याआधी वाडीतल्या अकरा जणांनी मोकळा केला. त्यातले सात जण पन्नाशीपुढचे होते.

गावात वाद कुठले आहेत, देवळाचा मान कुणाचा, पाण्याच्या टाकीवरून कोण कुणाशी बोलत नाही, हे चहाच्या टपरीवर आपोआप कळतं. तुम्ही त्यात पडू नका. पण कुणाच्या बाजूने जमीन घेताय हे माहीत असलेलं बरं. आणि मयताला जा. नव्या माणसाने पालखीला देणगी दिली हे लोक विसरतात. मयताला लाकडं वाहिली हे विसरत नाहीत.

नववी पायरी: भाड्याने राहून बघा

घेण्याआधी निदान दोन आठवडे, जमलं तर सबंध वर्ष, त्याच गावात भाड्याच्या घरात काढा. एक आठवडा मेच्या शेवटी, एक जुलैच्या मध्यावर. मेच्या आठवड्यात सुतळी आणि दगड घेऊन गावातल्या पाच विहिरी मोजायच्या. जुलैच्या आठवड्यात कपडे वाळतात का, भिंतींना बुरशी किती, तुमच्या बायकोला किंवा नवऱ्याला सतत आठ दिवस सूर्य न दिसता राहवतं का, हे बघायचं. आमच्या घरात या शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली.

मग यातल्या कुठल्याही आठवड्यात, मंगळवारी, भाजी-किराणा संपत आलेला असताना, मीटरचा मेन स्विच खाली करा, फोन बंद करून पेटीत ठेवा आणि मुद्दाम तीन दिवस तसेच राहा. चूल पेटवायला पहिल्या दिवशी किती काड्या लागल्या ते एका कागदावर लिहून ठेवा. आम्हाला एकोणीस लागल्या होत्या, आणि फाटी ओली होती.